आवाजावर चालणारा दिवा आणि कान टवकारलेलं रान
वाचकांचे प्रश्न

या वेळच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वस्तूबद्दल निघाली: बोलून चालू-बंद होणारा हेडलॅम्प. त्यामुळे रेनकोट, जळवा आणि तिपाया यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी रात्रीचे आवाज ध्वनिमुद्रित करते. बेडूक, रातवे, घुबडं, रातकिडे. बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण अंधारात जनावराला पत्ता लागू न देता बसायचं, हा शिकाऱ्याचा आणि माझा उद्योग सारखाच आहे. आणि आवाज कुठवर पोचतो यावर तर माझं पोट चालतं.

प्रश्न : ताई, मी परदेशात असतो आणि परवाना काढून रानडुकरांची शिकार करतो. पिकांची नासाडी फार झाली की इथे रात्री दिवा वापरून शिकार करायची परवानगी मिळते. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात तिची टेकणकाठी, त्यात हातमोजे. दिव्याचं बटण सापडता सापडत नाही. बोलून चालणारा हेडलॅम्प घ्यावा का? जाहिरातीत ‘हात मोकळे’ असं मोठ्या अक्षरात आहे आणि उजेड ९०० ल्युमेन. माझा मित्र म्हणतो, शिकारीत बोलणारा माणूस उपाशी राहतो.
– डुकरांनी जागवलेला

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण दबा धरून बसलात की त्याचा मायक्रोफोन बंद करायचा. तेवढं पटलं असेल तर पुढचं वाचू नका. कारणं हवी असतील त्यांच्यासाठी बाकीचं.

आधी जाहिरातीतलं ‘हात मोकळे’. हात कोणत्याही हेडलॅम्पने मोकळेच राहतात, म्हणून तर तो कपाळाला बांधतात. आवाजावर चालणाऱ्या दिव्याने वाचतो तो फक्त बटण दाबण्याचा एक क्षण. तो क्षण केव्हा महाग आणि केव्हा फुकटचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता तुमच्या मित्राच्या म्हणण्याचा हिशेब मांडू. साध्या बोलण्याचा आवाज तोंडापासून एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो, दसपट झालं की २० ने. म्हणजे दहा मीटरवर ४०, शंभर मीटरवर २०. वारा पडलेल्या रात्री, वस्तीपासून लांब, सभोवतालचा आवाजच २०-३० डेसिबलच्या घरात असतो. नेहमीच्या आवाजात सोडलेला हुकूम पन्नास मीटरवरच्या डुकराला ऐकू जाणार हे धरूनच चाला. त्यात निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा कधी न ऐकलेली लांबची आगगाडी मध्यरात्री उशाशी आल्यासारखी वाटते ती यामुळेच. हरणांची श्रवणशक्ती ५० किलोहर्ट्झच्याही (आवाजाची पट्टी किती उंच, त्याचं हे माप) वर जाते, डुकरांची सुमारे ४० पर्यंत. आपण २० ला संपतो, आणि चाळिशीनंतर त्याच्याही बरंच अलीकडे.

मग हळू बोलू, असं तुम्ही म्हणाल. इथे एक गोष्ट दिव्याच्या बाजूने आहे. त्याचा मायक्रोफोन तोंडापासून वीतभरसुद्धा लांब नसतो. वरचाच हिशेब उलटा लावा: अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात. मीटरभर अंतरावर ४५ डेसिबल भरणारं पुटपुटणं कपाळापाशी साठीच्या आसपास पोचतं. तेवढ्यावर बऱ्यापैकी दिव्याने हुकूम ओळखायला हवा.

अडचण जागेची आहे. मायक्रोफोन तोंडाच्या वर आहे, समोर नाही. आवाजाचा खर्जाचा भाग तोंडातून निघून चहूबाजूंना पसरतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्यातला उंच पट्टीचा फुसकारा मात्र बराचसा सरळ समोर जातो. शब्दाशब्दातला फरक दिव्याला कळतो तो मुख्यतः याच वर्णांवरून. म्हणजे ओळखायला जे लागतं ते दिव्याला कमी मिळतं आणि समोरच्या जनावराला पुरेपूर. टोपीची झडप खाली ओढली असेल किंवा कानटोपीचा काठ मायक्रोफोनवर आला असेल तर आणखी कमी. वाऱ्यावर टोपीच्या कापडाची सळसळ होते, ती वेगळीच.

कुजबुजण्याच्या वाटेला जाऊ नका. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घासून बाहेर पडतो. हे दिवे स्वरतंतूंच्या आवाजावर शिकवलेले असतात, त्यामुळे कुजबूज त्यांना बहुतेक वेळा कळत नाही. पुढचं नाटक मी सोबत्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिलं आहे: पहिल्यांदा कुजबूज, दुसऱ्यांदा जरा जोरात कुजबूज, तिसऱ्यांदा माणूस वैतागून चक्क बोलतो, आणि तोवर रातवा उडालेला असतो. बोलायचंच तर खालच्या पट्टीत, ओठ फारसे न उघडता पुटपुटा. ते कुजबुजीपेक्षा दिव्याला जास्त कळतं.

आता जाहिरातीत न लिहिलेली गोष्ट. हुकूम कळला हे सांगायला यातले काही दिवे ‘टीं’ करतात. आतमध्ये बोटाच्या पेराएवढी पिझो चकती (वीज मिळाली की थरथरून वाजणारी) असते आणि ती सहसा २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत मोठ्याने वाजते. बहुतेक सस्तन प्राण्यांचे कान तिथे चांगले तिखट असतात. चाचणीसाठी मागवलेल्या एका दिव्याचा हा ‘टीं’ माझ्या ध्वनिमुद्रणात उतरला. संगणकावर आवाजाचा आलेख उघडला तेव्हा खाली बेडकांचे ढगाळ ठिपके, वर रातकिड्यांचा जाड पट्टा, आणि मधल्या मोकळ्या जागेत पट्टीने आखल्यासारखी एक छोटी, लखलखीत आडवी रेघ. तिच्यानंतर जवळच्या बेडकांचे ठिपके काही वेळ गायब. मी हुकूम पुटपुटून दिला होता. त्याने बेडूक गप्प झाले नव्हते, दिव्याच्या उत्तराने झाले. ‘टीं’ बंद करायची सोय नसेल तर तो दिवा शिकारीला घेऊ नका. काही दिवे मंद उजेडावर बारीक शिट्टीही घालतात, तीही दुकानात कानाशी धरून ऐका.

याहून मोठी भीती उलट्या बाजूची आहे. सांगूनही दिवा लागला नाही तर चिडचिड होते. न सांगता लागला तर रात्र गेली. खोकला, सोबत्याचं वाक्य, वायरलेसवरचं बोलणं, यातलं काहीही त्याला हुकमासारखं वाटू शकतं. आणि लागला की बहुधा पांढरा, पूर्ण जोरात. डोळ्याच्या पडद्यात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य प्रखर उजेडात विटतं आणि पुन्हा पुरतं भरायला २० ते ३० मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. तुम्ही तासभर बसून कमावलेली नजर एका खोकल्यात जाते. जनावराला काय दिसलं ते आणखी वेगळं.

म्हणून दिवा निवडताना मी ल्युमेन शेवटी बघते. पहिली गोष्ट: चालू केल्यावर तो लाल किंवा सर्वांत मंद पांढरा लागतो का? दुसरी: हुकमाआधी हाक मारावी लागते का? हाक तीन-चार अक्षरांची, नेहमीच्या बोलण्यात न येणारी हवी. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’सारखे एका अक्षराने वेगळे होणारे हुकूम असले तर दिवा परत ठेवा. तिसरी: मायक्रोफोन बंद करायला वेगळं, हातमोज्यातून कळेल असं बटण आहे का? आणि चौथी, जी सगळे विसरतात: आवाजाची भानगड पूर्ण बिघडली तरी दिवा साध्या बटणावर सगळे उजेड देतो का?

ल्युमेनचं आता सांगूनच टाकते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब पोचतो हे ठरतं झोताच्या तीव्रतेवर, आणि ती कँडेलात मोजतात. खोक्यावर ‘झोत १०० मीटर’ लिहिलेलं असतं त्याचा ‘एफएल १’ या हातदिव्यांच्या मोजमापाच्या मानकाप्रमाणे अर्थ एवढाच, की त्या अंतरावर ०.२५ लक्स उजेड उरतो. हे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढं झालं. त्या उजेडात काहीतरी उभं आहे हे कळेल, काय उभं आहे ते कळेलच असं नाही. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, मानकातलं अंतर येतं: २५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० ला २००. नेम धरण्यासारखं स्पष्ट दिसायला यातलं निम्मंही अंतर धरू नका.

यातून तुमच्या डुकरांवर येते. बहुतेक रानजनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून हरीण, मांजर, कुत्रा, गाय यांचे डोळे दिव्यासमोर लकाकतात. डुकराला हा थर नसतो. त्याचे डोळे तसे पेटत नाहीत. तेव्हा शेताच्या कडेला दोन हिरवट ठिपके लकाकले तर ते तुमचं सावज नाही. कुणाचं वासरू असेल, राखणीचा कुत्रा असेल. अनुभवी शिकारी आधी पूर्ण आकार बघतात, मग त्याच्या मागे काय आहे ते, आणि मगच बोट चापाकडे नेतात. हेडलॅम्पच्या उजेडात नेम धरायचाच नसतो. एक तर जिकडे मान तिकडे झोत, आणि सवयीने तिकडेच नळी वळायला लागते. शिवाय बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावला की कपाळावरचा उजेड तिच्या मागच्या काचेवर पडून उलट डोळ्यातच येतो. गोळीसाठी बंदुकीवरचा दिवा वेगळा, वाटेसाठी कपाळावरचा वेगळा.

मग आवाजावर चालणारा दिवा उपयोगी कुठे पडतो? जाताना आणि येताना. मचाणाची शिडी चढताना एक हात किंवा एक पाय हलवायचा आणि बाकीचे तिन्ही टेकलेले ठेवायचे, हा नियम आहे. (बंदूक रिकामी करून, दोरीने नंतर वर ओढून घ्यायची, हे तुम्हाला मी सांगायला नको.) तिथे दिव्यासाठी हात सोडावा लागला नाही तर चांगलंच. आणि मुख्य म्हणजे सावज पडल्यावर. दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तात आणि चरबीत, एका हातात सुरी. अशा हातांनी कपाळावरचं बटण चाचपायचं म्हणजे पट्टा, केस, कपाळ सगळं माखणार, आणि निसरड्या बोटांत सुरी. त्या वेळी लपायचं कुणापासूनच नसतं. खुशाल मोठ्याने बोला. माझ्या मते या दिव्याची सगळी किंमत या अर्ध्या तासात आहे, आणि जाहिरातीच्या चित्रात नेमकं हेच काम नसतं.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा. शांत रात्री मित्राला मोकळ्यावर पन्नास पावलं लांब, तुमच्याकडे पाठ करून उभा करा. दिवा मानेल तितक्या हळू आवाजात हुकूम द्या. ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. त्याचा हात वर गेला तर डुकराने केव्हाच ऐकलेलं आहे. शिवाय डुकराला ऐकायच्या आधी वास येतो, त्यावर कुठला दिवा निघालेला नाही.

प्रश्न : जखमी जनावराचा माग काढताना लाल उजेड बरा की हिरवा? आवाजी दिव्यात दोन्ही आहेत.
– माग हरवलेला

उत्तर : दोन्ही नकोत. लाल उजेडात पानावरचं रक्त आणि पान सारखंच दिसतं, कारण दोन्हींवर पडतो तो लालच उजेड. पांढरा वापरा, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक लिहिलेला मिळाला तर तोच. रंग खऱ्यासारखे दाखवण्याचं ते माप आहे. निळसर, स्वस्त पांढऱ्या उजेडात ओलं रक्त काळपट डागासारखं दिसतं आणि ओल्या मातीत मिसळून जातं.

दुसरं, दिवा कपाळावरून काढून हातात घ्या आणि गुडघ्याच्या खाली धरा. कपाळावरचा उजेड नजरेच्याच रेषेत पडतो, सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. आडवा उजेड पडला की खुराच्या ठशाची प्रत्येक कड सावली टाकते, वाकलेलं गवत उठून दिसतं. धुकं असेल किंवा थंडीत स्वतःच्याच श्वासाची वाफ डोळ्यांपुढे पांढरी होत असेल, तेव्हाही दिवा खाली धरल्यावर पडदा दूर होतो. मी बेडूक शोधतानाही असंच करते. डाग रक्ताचाच आहे का अशी शंका आली तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. रक्त असेल तर फेस येतो.

हुकूम द्यायला इथे काही हरकत नाही, पण दिवा हातात घेतला की त्याचा मायक्रोफोन तोंडापासून लांब जातो हे लक्षात असू द्या. तिथे अंगठा बरा.

लाल उजेडाला वाईट म्हणत नाही हं. वाट चालायला, वही वाचायला, काडतुसं मोजायला तोच. दंडपेशींना लांब लहरींचा लाल जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नजर टिकते. हरणाच्या डोळ्यातही लालसाठीच्या शंकूपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) नसतात, त्याला तो फार मंद दिसतो. दिसतच नाही असं मात्र समजू नका. भगभगीत लाल झोत थेट तोंडावर मारला तर तेही मान वळवतं. निळ्या उजेडाला हरणाचा डोळा चांगला तीव्र आहे, म्हणून निळसर-पांढरा झोत लाल झोतापेक्षा लवकर पकडला जातो.

प्रश्न : शिकारीच्या सामानाला या पानांवर जागा देताना तुम्हाला काहीच वाटत नाही का? उद्या सापळे कसे लावायचे तेही छापाल.
– संतापलेली वर्गणीदार

उत्तर : सापळे नाही छापणार. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि दिव्याने जनावर दिपवून मारणं हे चोरट्या शिकारीचं जुनं तंत्र आहे. जिथे परवाना मिळतो तिथेही दिव्याचे नियम सहसा बंदुकीच्या नियमांइतकेच कडक असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर झोत टाकून शिकार करणं गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१च्या हरिण कायद्याप्रमाणे सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एका तासापर्यंत खास परवान्याशिवाय हरीण मारता येत नाही. डुकरांवाल्या वाचकाने परवानगीचं आधी लिहिलं, म्हणून मी उत्तर दिलं. ज्याने लिहिलं नाही अशा एकाचं पत्र तसंच बाजूला ठेवलं आहे, आणि त्याला ते का, हे कळेल.

बाकी, तोच दिवा बेडूक मोजणारे वापरतात, पतंग बघणारे वापरतात, हरवलेली माणसं शोधायला जाणारे वापरतात. पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : ताई, मी शिकारी नाही, निवृत्त शिक्षक आहे. रात्री पांढरा पडदा लावून पतंगांची नोंद करतो. संधिवाताने बोटं आखडली आहेत, हेडलॅम्पची रबरी बटणं दाबवत नाहीत. नातू म्हणतो, बोलणारा घ्या. या वयात हे खूळ शोभेल का?
– पतंगवेडा

उत्तर : सर, नातवाचं ऐका. हे पत्र पहिलं हातात आलं असतं तर मी याच्यापासूनच सुरुवात केली असती. पतंगांना तुमचं बोलणं पन्नास मीटरवरून ऐकून पळायचं नसतं. काही पतंगांना कान असतात हे खरं, पण ते वटवाघळांच्या अतिउच्च ध्वनीसाठी. तुमच्या ‘दिवा लाव’ने त्यांचं काही अडत नाही. तुमच्या एका हातात भिंग असणार, दुसऱ्या हातात वही. इथे बोलून चालणारा दिवा खरोखर कामाचा.

दोन गोष्टी बघा. नोंद करताना तुम्ही तोंडाने नावं म्हणत असाल (मी म्हणते), तर आधी हाक मारल्याशिवाय न ऐकणाराच दिवा घ्या, नाहीतर प्रत्येक नावाला तो डोळे मिचकावेल. आणि हात हलवून चालू होणारा प्रकार दाखवला तर तो नको. त्यात पुढे अदृश्य अवरक्त किरण सोडून त्यांचं परावर्तन मोजतात, म्हणजे पडद्याजवळ वाकलात की दिवा विझेल, आणि दिव्यावर एखादा जाडजूड पतंग येऊन आपटला की लागेल. तुमच्या बाबतीत असे पाहुणे पुष्कळ.

आवाजाला मात्र रंगीत तालीम द्या. काही दिव्यांत तुमच्याच आवाजात हुकूम नोंदवायची सोय असते, ती असलेला मिळाला तर उत्तम. नोंदवताना पडद्यापाशी जसे बोलता तसेच बोला. वर्गातला आवाज काढून नोंदवाल, तर रात्री दोन वाजता दिवा तुम्हाला ओळखणार नाही.

प्रश्न : माझा आवाजी हेडलॅम्प कपाटात नुसता पडून असताना आठवड्यात उतरतो. साधा दिवा महिनोन्‌महिने टिकायचा. बिघडला आहे का? शिवाय थंडीत तर अर्ध्या वेळात मरतो.
– सेल बदलून थकलेला

उत्तर : बिघडला नसावा. तो ऐकतोय. हुकमाची वाट बघत बसलेला मायक्रोफोन आणि त्याच्या मागची चिप सतत थोडी थोडी वीज पीत असतात. चांगल्या बनावटीत हे पिणं अगदी नगण्य असतं, तुमच्या दिव्यात दिसत नाही. घरी ठेवताना मायक्रोफोन बंद करा. तसं बटण नसेल तर सेल काढून ठेवा.

थंडीचं कारण रसायनाचं. गारठ्यात सेलमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात. साध्या अल्कलाइन सेलचे हाल सर्वांत जास्त. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे तापमानातही बरेच तग धरतात. तुमचा दिवा १८६५० जातीच्या (म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) रिचार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर असेल, तर जादा सेल बंद डबीत घालून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. किल्ल्या-नाण्यांबरोबर मोकळा मुळीच ठेवू नका, टोकं जुळली तर खिशातच पेट घेईल. शून्य अंशाच्या खाली गारठलेला सेल तसाच चार्जरला लावू नका; आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कायमचा खराब होतो.

खोक्यावरचे तासही जपून वाचा. झोताच्या अंतरासाठी वर सांगितलेल्या ‘एफएल १’ मानकात उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘चालतो’ म्हणून धरतात. शेवटचे कित्येक तास दिवा नुसता मिणमिणत असू शकतो.

प्रश्न : जंगलात नेटवर्क नसेल तर बोलून चालणारा दिवा चालेल का? आणि माझं बोलणं कुठे साठवलं जातं का?
– शंकेखोर

उत्तर : चालेल, कारण असे बहुतेक दिवे ठरावीक पाच-दहा शब्द आतल्या चिपवरच ओळखतात; त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि बोलणं कुठे पाठवावंही लागत नाही. मोबाइलमधल्या ॲपशी जोडून चालणारा प्रकार वेगळा, तो रात्रीच्या कामाला मी घेणार नाही. दुकानात खात्री करायची असेल तर दिव्याशी जोडलेला मोबाइल पूर्ण बंद करायला सांगा आणि मग हुकूम द्या. लागला तर घ्या.